पाळक नसलेले चर्च ओस नसते

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जुन्या चर्चविषयी कुठे काही लिहून आले, की ‘पाळक नसल्यामुळे ओस पडलेले’ असे शब्द हमखास वाचायला मिळतात. नाताळच्या आदल्या दिवशी रोषणाईचे छायाचित्र छापले जाते, पण वर्षाच्या बाकीच्या रविवारी त्या कौलारू इमारतीत काय चालते याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. मी किनाऱ्यावरच्या अशाच एका लहानशा मंडळीची सभासद आहे. चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले, आणि गेली नऊ वर्षे आमच्या चर्चमध्ये महिन्यातले तीन रविवार जे चौघेजण आळीपाळीने उपासना चालवतात, त्यांच्यापैकी मी एक आहे. आम्हा चौघांपैकी कोणीही दीक्षित, म्हणजे विधिपूर्वक दीक्षा घेतलेला धर्मसेवक, नाही. पाळकसाहेब, म्हणजे आमचे दीक्षित धर्मगुरू, महिन्यातून एकदा येतात. तरीही आमचे चर्च ओस नाही, आणि हे सांगण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे.

वाचकांपैकी बहुतेकांना आमच्या पंथाची रचना ठाऊक असण्याचे कारण नाही, म्हणून आधी तेवढे सांगते. कोकणात ख्रिस्ती म्हटले की मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी इथला कॅथलिक समाज डोळ्यांसमोर येतो. आमची मंडळी प्रोटेस्टंट असून तिचे मूळ अँग्लिकन परंपरेत, म्हणजे बिशप (धर्मप्रांताचे प्रमुख), प्रेस्बिटर (पाळक) आणि डिकन (साहाय्यक सेवक) अशी दीक्षित सेवकांची परंपरा जपणाऱ्या मंडळ्यांत आहे. दापोलीचे ए. जी. हायस्कूल ज्या आल्फ्रेड गॅडनी यांच्या नावाने ओळखले जाते, ते याच परंपरेतील एस. पी. जी. (सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल) या इंग्लंडमधल्या मिशनचे मिशनरी होते. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा अँग्लिकनांबरोबर प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट अशा वेगवेगळ्या वळणाची माणसे एका छपराखाली आली. अँग्लिकनांनी आपल्याबरोबर बिशपपद आणले, तर प्रेस्बिटेरियनांनी मंडळीतून निवडलेल्या ‘वडिलां’ची परंपरा आणली. सिनॉड या सर्वोच्च सभेपासून गावच्या पास्टोरेट कमिटीपर्यंत, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीपर्यंत, दीक्षित आणि अदीक्षित सभासद एकाच बैठकीत बसतात आणि मत देतात, ती या दोन्हींच्या मिलाफाची देणगी आहे. घटनेत ही व्यवस्था चांगली मांडलेली आहे, पण गावात ती पुष्कळदा पोहोचलेली नसते, असा माझा अनुभव आहे.

आमच्या परंपरेत प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर व द्राक्षारस देण्याचा, विधी दीक्षित प्रेस्बिटरशिवाय होत नाही, आणि तो तसाच राहावा असे माझे मत आहे. परंतु रविवारची सर्वच उपासना म्हणजे प्रभुभोजन नव्हे. सकाळची प्रार्थना, शास्त्रवाचन, स्तोत्रे, उपदेश, संडेस्कूल, आजाऱ्याच्या घरची प्रार्थना, नव्या जोडप्याला भेटणे, वर्गणी गोळा करणे, हिशेब लिहिणे, कौले फिरवणे ही सगळी कामे अदीक्षित माणसे करू शकतात, आणि आमच्याकडे अनेक वर्षे तीच करीत आली आहेत. जुन्या मिशनच्या काळात ‘उपदेशक’ आणि ‘बायबलबाई’ म्हणून जी माणसे वाडीवाडीतून पायी फिरली, त्यांतील बहुतेकांना दीक्षा नव्हती. रेव्हरंड नारायण वामन टिळक आमच्याच जिल्ह्यातल्या करजगावचे. त्यांची भजने आमच्या घरगुती प्रार्थनासभांत आजही पेटी आणि झांजांवर म्हटली जातात, आणि ती सुरू करण्यासाठी पाळक येण्याची वाट कोणी पाहत नाही.

आमच्या एखाद्या साध्या रविवारचे चित्र देते. आठ वाजता एक निवृत्त एसटी वाहक येऊन खिडक्या उघडतात, वटवाघळांची घाण झाडून काढतात आणि सुंभाची दोरी ओढून घंटा वाजवतात. त्या दिवशी म्हणायच्या गीतांचे क्रमांक फळ्यावर खडूने लिहिले जातात. मासे विकून परस्पर चर्चला येणारी आमची एक बहीण पहिले वाचन करते. चाळिशीनंतर ती प्रौढ साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकली, म्हणून ओळीखाली बोट धरून सावकाश वाचते, आणि तिचे वाचन होईपर्यंत बाकावरची लहान मुलेसुद्धा हलत नाहीत. उपदेश करण्याची पाळी माझी असेल तर बुधवारपासून तयारी करावी लागते. वर्गात शिकवणे मला अवघड गेले नाही, परंतु जी माणसे आपल्याला चाळीस वर्षे ओळखतात, आपल्या घरातली भांडणेही ज्यांना ठाऊक आहेत, त्यांच्यासमोर देवाच्या वचनाविषयी बोलायला उभे राहताना आजही माझे हात गार पडतात.

आता ज्या प्रसंगामुळे हे पत्र लिहावेसे वाटले, तो सांगते. तीन वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यात आमच्या मंडळीतील एक आजी पहाटे वारल्या. पाळकसाहेब घाटापलीकडच्या मंडळीत होते, आणि रात्री दरड कोसळून घाट बंद झाला होता. दोन दिवस वीज नव्हती, त्यामुळे बर्फ मिळण्याची आशा नव्हती. घरच्यांनी दुपारपर्यंत वाट पाहिली. अखेर फोन लागला, तेव्हा तुटक आवाजात पाळकसाहेब म्हणाले, “तुम्ही विधी करा, जबाबदारी माझी.” मग घंटा वाजवणाऱ्या त्या एसटी वाहकांनीच प्रार्थनापुस्तक हातात घेतले.

जांभ्यात खणलेल्या खड्ड्यात चहूबाजूंनी पाणी पाझरत होते, आणि आजींचे दोन नातू बालदीने ते उपसत होते. पुस्तक भिजू नये म्हणून एकाने त्यावर छत्री धरली होती, तरी पाने एकमेकांना चिकटली. तेव्हा त्यांनी पुस्तक मिटले आणि राहिलेली प्रार्थना तोंडपाठ म्हटली. ‘मातीस माती, राखेस राख, धुळीस धूळ’ म्हणताना त्यांनी जी मूठ टाकली, ती मातीची नव्हती, लाल चिखलाचा गोळा होता, आणि तो शवपेटीवर पडल्याचा आवाज पावसातही सर्वांना ऐकू आला. आजींच्या मुलाने त्यांचे दोन्ही हात धरून आभार मानले. मी तिथे होते. त्या विधीत काही उणे राहिले असे मला क्षणभरही वाटले नाही.

महिन्याभराने वरून पत्र आले. कोणीतरी तक्रार केली होती की, अमुक गावी दीक्षित सेवक नसताना अंत्यविधी उरकण्यात आला. कोणत्या अधिकाराने हा विधी केला याचा लेखी खुलासा मागवण्यात आला होता. पाळकसाहेबांनी जबाबदारी आपल्यावर घेऊन सविस्तर उत्तर दिले, आणि प्रकरण तिथेच मिटले. पण त्या वाहकांच्या मनातून ते मिटले नाही. तेव्हापासून ते घंटा वाजवतात, खिडक्या उघडतात आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसतात. उपासना चालवण्याची त्यांची पाळी आली की हात जोडून नको म्हणतात. एक उमदा माणूस आम्ही अशा रीतीने गमावला आहे, आणि त्याचे दुःख मला आजही आहे.

इथे कोणा एका अधिकाऱ्याला दोष द्यावा असा माझा हेतू नाही. मुळात दोष आपल्या सर्वांच्या एका समजुतीत आहे. अदीक्षितांनी काम करायचे ते पाळक नाहीत म्हणून, पाळक येईपर्यंत, अडचण भागवण्यापुरते, असे आपण धरून चालतो. काम तात्पुरते मानले की त्यासाठी शिक्षण लागत नाही, लेखी परवाना लागत नाही, मुदत लागत नाही आणि जाहीर नेमणूकही लागत नाही. मग सगळे ठीक चालले असताना त्या माणसाची दखल कोणी घेत नाही, आणि काही बिनसले की पहिला प्रश्न त्याच्या अधिकाराचाच विचारला जातो. नऊ वर्षे चालणाऱ्या गोष्टीला तात्पुरती म्हणता येत नाही.

माझी एक भाची अमेरिकेत राहते. तिथल्या अँग्लिकन परंपरेच्या मंडळीला एपिस्कोपल चर्च म्हणतात, आणि तिच्या पॅरिशचे (स्थानिक मंडळीचे) रेक्टर, म्हणजे मुख्य पाळक, निवृत्त झाल्यावर नवे येईपर्यंतचा काळ तिने जवळून पाहिला. तिथे सभासदांनी निवडलेली कार्यकारिणी असते, तिला व्हेस्ट्री म्हणतात, आणि तिच्या मुख्य अदीक्षित अधिकाऱ्याला सीनियर वॉर्डन. रेक्टरची जागा रिकामी असताना पॅरिशचा कारभार वॉर्डन आणि व्हेस्ट्री सांभाळतात, आणि बिशपांशी विचारविनिमय करून नवा रेक्टर निवडण्याची जबाबदारीही व्हेस्ट्रीचीच असते. उपासना चालवणारा, उपदेश करणारा, नव्यांना शिकवणारा, अभिषिक्त केलेली भाकर व द्राक्षारस आजाऱ्याच्या घरी नेणारा अशा निरनिराळ्या कामांसाठी अदीक्षित सभासदांना शिक्षण देऊन बिशपांकडून लेखी परवाना मिळतो. त्यांच्या १९७९ च्या प्रार्थनापुस्तकात मंडळीचे सेवक कोण, या प्रश्नाच्या उत्तरात पहिले नाव सामान्य सभासदांचे आहे, आणि बिशप, याजक व डिकन ही नावे त्यानंतर येतात. त्याच पुस्तकात अंत्यविधीच्या सूचनांत स्पष्ट लिहिले आहे की, याजक मिळू शकत नसेल तर डिकन किंवा अदीक्षित वाचक हा विधी चालवू शकतो. भाचीने हे मला फोनवर वाचून दाखवले, तेव्हा मला आमच्या भिजलेल्या पुस्तकाची आठवण झाली.

ही व्यवस्था त्यांना एका दिवसात सुचलेली नाही. अमेरिकेतील वसाहतींत अँग्लिकन वस्ती १६०७ पासून होती, पण तिथला पहिला बिशप, सॅम्युअल सीबरी, यांचा अभिषेक १७८४ मध्ये स्कॉटलंडला झाला. म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ त्या लोकांनी स्वतःच्या बिशपाशिवाय मंडळ्या चालवल्या, आणि व्हर्जिनियासारख्या प्रांतात ते काम मुख्यतः अदीक्षितांच्या व्हेस्ट्रीने केले. त्या व्हेस्ट्रींत जमीनदारांचे वर्चस्व होते, हेही खरे आहे, आणि त्याचे अनुकरण आपण करू नये. स्त्रियांना तर त्यांच्या सर्वोच्च अधिवेशनात प्रतिनिधी म्हणून बसायला १९७० साल उजाडावे लागले. दूर देशी सगळे आदर्श आहे असे मी म्हणत नाही. अदीक्षितांच्या कामाला तिथे नाव आहे आणि कागद आहे, एवढाच माझा मुद्दा आहे.

आपल्याकडे उदाहरणांची वाण आहे असेही नाही. भारताचे पहिले भारतीय अँग्लिकन बिशप व्ही. एस. अझरया यांचा अभिषेक १९१२ मध्ये झाला. त्यांना दीक्षा मिळाली १९०९ साली. पण तिरुनेलवेलीची भारतीय मिशनरी संस्था १९०३ मध्ये आणि राष्ट्रीय मिशनरी संस्था १९०५ मध्ये उभारण्यात त्यांचा पुढाकार होता, तेव्हा ते वाय.एम.सी.ए.चे चिटणीस होते, दीक्षित नव्हते. आणि पंडिता रमाबाईंचे काय सांगावे! १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे अँग्लिकन चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा स्त्रीने पुरुषांना शिकवू नये म्हणून भारतातल्या बिशपांकडून हरकत घेतली गेली, आणि रमाबाईंनी आपली नापसंती स्पष्ट शब्दांत कळवली. त्याच रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभे केले आणि मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर पूर्णत्वास नेले. दीक्षा त्यांना कधीच मिळाली नाही. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाला असा वारसा असताना एका वाहकाने केलेल्या प्रार्थनेबद्दल खुलासा मागवावा लागतो, याचे मला वाईट वाटते.

कोकणातल्या मंडळ्यांची एक वेगळी अडचण आहे, तीही उघडपणे मांडली पाहिजे. आमची तरुण मुले मुंबई-पुण्याला नोकरीला आहेत. गणपतीला जसे इतर घरांतले चाकरमानी येतात, तशी आमची मुले नाताळला आणि मे महिन्यात येतात. त्यांच्या वर्गणीवर चर्चचे छप्पर उभे आहे, हे मी कृतज्ञतेने मान्य करते. परंतु वार्षिक सभा त्यांच्या सोयीने सुट्टीत होते, कमिटीवर निवडून तेच येतात आणि वर्षभराचे निर्णयही तेच घेतात. जी माणसे बावन्न रविवार इथे असतात, ज्यांत स्त्रियाच अधिक आहेत, त्यांच्याकडे झाडलोट, फुले, स्वयंपाक आणि कापणीच्या सणाचा लिलाव एवढेच येते. गावच्या देवस्थानात मानकऱ्यांचा मान असतो, तो पिढीजात असतो आणि त्यामागे त्यांचा इतिहास आहे. आमच्या घटनेत असा पिढीजात मान कोणालाच दिलेला नाही, तरी सेक्रेटरीपद एकाच घरात वर्षानुवर्षे राहिल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात आहेत.

अदीक्षितांच्या हाती कारभार आला की सगळे आपोआप सुधारेल, असे म्हणणे म्हणूनच खोटे ठरेल. पाळकाची बदली होते, पण गावातला पुढारी गावातच राहतो आणि त्याचा रुसवाही. किनाऱ्यावरच्या जमिनींना आज जो भाव आला आहे, त्यामुळे चर्चच्या मिळकतीवर डोळा ठेवणारी माणसे बाहेर आहेत, तशी आतही असू शकतात. सार्वजनिक विश्वस्त संस्थांना हिशेब तपासून घेण्याचे कायदेशीर बंधन आहेच. आम्ही त्याखेरीज एक साधी रीत ठेवली आहे. अर्पणाची थैली दोन वेगवेगळ्या घरांतल्या दोन व्यक्ती मिळून मोजतात, रक्कम वहीत लिहून दोघी सही करतात, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी ती वही सर्वांसमोर मोठ्याने वाचली जाते. पहिल्या वर्षी यावरून कुरबुर झाली. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असा प्रश्न आला. आता वही वाचायची राहिली, तर म्हाताऱ्या बायकाच आठवण करून देतात.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक लहान मंडळीत दोन-तीन पुरुष आणि दोन-तीन स्त्रिया निवडाव्यात, त्यांना उपासना, उपदेश आणि अंत्यविधी चालवण्याचे शिक्षण द्यावे, आणि ते शिक्षण शहरात बोलावून न देता तालुक्याच्या ठिकाणी, दिवाळीनंतर भातकापणी आटोपली की द्यावे. ज्यांना पुढे शिकायचे आहे त्यांच्यासाठी ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूरच्या सिनेटचे घरबसल्या करता येणारे ख्रिस्ती अध्ययनाचे अभ्यासक्रम आहेत, त्यांची माहिती गावापर्यंत पोहोचवावी. शिक्षण झाल्यावर बिशपसाहेबांच्या सहीचा परवाना द्यावा, त्यावर काम आणि मुदत लिहिलेली असावी, आणि तो रविवारच्या उपासनेत सर्वांसमोर वाचून दाखवावा. तीन वर्षांनी मुदत संपावी आणि दुसऱ्यांना संधी मिळावी. माझीही नऊ वर्षे झाली आहेत. माझ्या जागी यायला तयार असलेली एक अंगणवाडी सेविका आमच्यात आहे, आणि ती माझ्यापेक्षा चांगले बोलते. वार्षिक सभा जूननंतरच्या एखाद्या रविवारी, गावातल्या माणसांच्या उपस्थितीत घ्यावी. चाकरमान्यांनी तिथे फोनवरून जरूर बोलावे.

पाळकांचे महत्त्व यामुळे कमी होईल, ही भीती मला अनाठायी वाटते. आमचे पाळकसाहेब चार मंडळ्या सांभाळतात. एसटीच्या वेळापत्रकावर त्यांचा रविवार ठरतो, आणि एका दिवसात दोन ठिकाणी उपासना घेतलेली असली की दुपारी आमच्या ओटीवर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागतो. महिन्यातल्या ज्या एका रविवारी ते प्रभुभोजन देतात, त्या रविवारी आमच्याकडे सर्वांत जास्त माणसे असतात. बाकीचे तीन रविवार नीट चालले, म्हणून तो चौथा भरतो, असे त्यांनीच मला एकदा सांगितले होते.

पावसाळा जवळ आला आहे आणि घाट यंदाही बंद पडतील. त्याआधी निदान अंत्यविधीपुरता लेखी परवाना प्रत्येक मंडळीतल्या एका व्यक्तीच्या हाती द्यावा, अशी आमच्या धर्मप्रांताच्या अधिकाऱ्यांना आपल्या दैनिकामार्फत माझी नम्र विनंती आहे. आमच्या गावासाठी तो निघेल, तेव्हा शेवटच्या बाकावर बसणाऱ्या त्या निवृत्त वाहकांच्या नावाने निघावा. प्रार्थनापुस्तकाची नवी प्रत मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून वेदीमागच्या कपाटात ठेवली आहे.

आपली विश्वासू,
मंडळीची एक सभासद व निवृत्त शिक्षिका,
जि. रत्नागिरी